टँगो मामापुढं बसायचा

आमच्या गावाला मानाचं भारी वेड. लग्नात कुणाला फेटा बांधला आणि कुणाला नुसती टोपी दिली, एवढ्यावरून इथं सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात. त्यामुळं निकमांच्या कुत्र्यानं आप्पासो मामांना मान दिला, ही बातमी डेअरीवर पोचली तेव्हा कुणाला ती खोटी वाटली नाही. उलट आम्हाला बरं वाटलं. मुक्या जनावराला कळतं ते माणसाला कळत नाही, असं आम्ही एकमेकांना ऐकवलं. आमचं ते बोलणं खरं ठरलं. कुत्र्याला कळलं होतं, आम्हाला नाही, आणि त्यापायी एक बाई जिवाला मुकली.

कुत्र्याचं नाव टँगो. काळं, रुंद डोक्याचं लॅब्राडोर. गावानं आल्या आल्या त्याचा टांग्या करून टाकला. निकमांचा वीरधवल मिलिटरीत कुत्र्यांच्या तुकडीत हवालदार होता. हुंगून बारूद शोधायचं हे टँगोचं काम आणि टँगोला सांभाळायचं हे वीरधवलचं. दोघांची नोकरी बरोबरच संपली, तेव्हा वीरधवलनं अर्ज करून त्याला रीतसर घरी आणला. येताना बायकोसाठी साडी आणायची विसरला, पण कुत्र्याचा ब्रश आणि पट्टा विसरला नाही, हे राजेश्वरी हसत सांगायची.

टँगो कधी भुंकायचा नाही. गावात मिलिटरीतून आलेले चिक्कार, पण कुणी ड्रायव्हर, कुणी लंगरात स्वयंपाकाला. कुत्र्याचं काम कुणी जवळून बघितलेलं नव्हतं. पारावर एकानं विचारलंच, "व्हय रं वीरधवल, बॉम्ब घावला की ह्यो भुकत न्हाई?"

"भुकला असता तर मी हितं असतो का?" वीरधवल म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. मग काय करतो, असं पुढं कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. ड्युटीचं ड्युटीवर ठेवायचं, ही त्याची रीत होती.

घरात मात्र त्याचे नियम कडक. सकाळी अंगावरून ब्रश, मग कान उघडून बघायचे, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का बघायचं. जेवण ठरल्या वेळी, भात आणि मटणाचं पाणी. दूध नाही, गोड तर नाहीच. शालूबाई, त्याची आई, हळूच पेढा द्यायची. तो ओरडायचा, "आये, त्येला पचत न्हाई गं. आपुन माया करतो आन पोट त्येचं बिघाडतं." टँगोची कंबर दुखायची. उड्या मारून मारून तिथली हाडं झिजली होती, म्हणून वीरधवलनं त्याच्यासाठी पोत्यांची जाड गादी शिवून घेतली. जोतिबा आण्णा, म्हणजे वीरधवलचे वडील, कौतुकानं म्हणायचे, "मला कवा अशी गादी शिवली न्हाईस."

आणि एक लाल रबरी चेंडू होता. तो वीरधवलच्या पाकिटाजवळ, खिशात. टँगोला तो रोज मिळत नसे. राजेश्वरीनं एकदा विचारलं तर म्हणाला, "ह्यो त्येचा पगार हाय. काम केल्याशिवाय पगार न्हाई."

पुढं वीरधवलला शिरवळला एका कंपनीत सिक्युरिटीचं काम लागलं. आठवडाभर तिकडं, शनिवारी घरी. अशाच एका शनिवारी हायवेवर त्याच्या गाडीला मागून ट्रक बसला. मयताची पेटी घरी आली तेव्हा टँगो अंगणात उभा होता. तो पेटीजवळ गेला, हुंगला, आणि फाटकापाशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून पडून राहिला. वास घेऊन ज्याला सगळं कळतं, त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण वाट बघायची सवय मोडत नाही, माणसाचीही मोडत नाही.

तेराव्याला शालूबाईचे थोरले भाऊ आप्पासो आले. सांगली जिल्ह्यातले, कडेगावकडचे. बहिणीच्या बांधाला बांध लावून त्यांनी इकडं जमीन घेऊन घर केलेलं. निकमांकडं त्यांचा शब्द शेवटचा. वीरधवलच्या लग्नात ते मामा म्हणून त्याच्या पाठीशी उभे होते, आणि आता त्याच्या दुखवट्याचा आहेर घेऊन आले होते. पिशवीतून टोपी काढून त्यांनी जोतिबा आण्णांच्या डोक्यावर ठेवली. तेवढ्यात फाटकापाशी पडून राहिलेला टँगो उठला. कितीतरी दिवसांनी उठला. माणसांतून वाट काढत आला आणि आप्पासोंच्या पुढं बसला. पाठ ताठ, कान पुढं, अगदी गप्प.

शालूबाई पदरात तोंड घालून म्हणाली, "माझं लेकरू मामाच्या पाया पडाय आलंय." मग काय, सगळं अंगण रडलं. मी पण रडलो. आप्पासोंनी डोळे पुसत टँगोच्या डोक्यावर हात फिरवला. टँगोनं तो हात हुंगला आणि पुन्हा तसाच बसून राहिला.

त्यानंतर आप्पासो आले की टँगो बसायचा. दुसऱ्या कुणापुढं नाही, सरपंचापुढं नाही, तलाठ्यापुढं नाही. आप्पासोंची गावात ऐट वाढली. ते मुद्दाम वाट वाकडी करून निकमांकडं यायचे, सोबत कुणीतरी पाव्हणा आणायचे. "बघा आता," म्हणायचे. टँगो यायचा आणि बसायचा.

आप्पासो वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. बहिणीचं घर उघडं पडू नये म्हणून नांगरट, पाण्याची पाळी, तोडणी, सगळं त्यांनी अंगावर घेतलं होतं. पण आमच्याकडं कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं रानडुकरं आली. एक कळप शिरला की अर्धा फड भुईसपाट. मग कुठून कुठून लोक बारूद भरलेले पिठाचे गोळे आणू लागले, काही तर घरीच करू लागले. संध्याकाळी बांधाला टाकायचे. डुकरानं चावलं की तोंडच उडतं. सकाळी उरलेले गोळे वेचून घरी आणायचे. कोण करतं हे गावात सगळ्यांना माहीत, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही असाही रिवाज. मीही विचारलं नाही.

राजेश्वरी कुपवाडची. वडील तिथं फाउंड्रीत, त्यामुळं ही पोरगी भट्टीच्या धुरात आणि भोंग्यावर वाढलेली. तोंडानं फटकळ, पण हाताला कामसू. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर सासरी तिचं म्हणून म्हणावं असं ते कुत्रंच राहिलं. त्याचं करायचं तर तिला काही येत नव्हतं. शालूबाईनं मायेपोटी दूधभाकरी सुरू केली, टँगोला जुलाब लागले, तेव्हा राजेश्वरी त्याला रिक्षात घालून औंधला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. नखं वाढून चालताना फरशीवर घसरायला लागला तेव्हा नखं कापायला शिकली. पहिल्यांदा रक्त काढलं आणि त्याच्याआधी हीच रडली. वीरधवल जसं करायचा तसं आठवून आठवून करायची, आधी ब्रश, मग कान, मग बेचक्या.

रोज एवढं जवळून बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला कसं दिसणार? टँगो मामापुढं बसायचा तेव्हा मामाच्या तोंडाकडं बघत नाही, हे तिनं पाहिलं. तो आधी पिशवीकडं बघायचा. मग मान वळवून राजेश्वरीच्या हाताकडं. पुन्हा पिशवी, पुन्हा हात. मग एक दिवस आप्पासो आत चहा पीत होते, त्यांची मोटारसायकल बाहेर, हँडलला पिशवी अडकवलेली. राजेश्वरी भांडी घासायला बाहेर आली तर टँगो मोटारसायकलपुढं बसलेला. पाठ ताठ, कान पुढं.

मान काय मोटारसायकललाही द्यायचा असतो? ती तशीच खरकट्या हातानं उभी राहिली.

वीरधवलच्या फोनमध्ये युनिटमधल्या यादवचा नंबर होता. तो हरियाणाकडचा. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, टँगो एका माणसापुढं सारखा बसतो, का? त्यानं आधी कुत्रा कसा बसतो ते नीट विचारून घेतलं. मग यादव म्हणाला, "भाभी, वो बैठ गया मतलब वहाँ माल है। हाथ मत लगाना किसी चीज़ को। हमारा टँगो झूठा नहीं बैठता।" आणि नंतर हळू आवाजात म्हणाला, "गेंद देते हो उसको?"

तो लाल चेंडू ट्रंकेत होता, नवऱ्याच्या गणवेशाच्या घडीत. बिचारा कुत्रा महिनोन् महिने काम करत होता आणि त्याचा पगार थकला होता. राजेश्वरीला त्या दुपारी नवऱ्याच्या मरणापेक्षा याचंच जास्त रडू आलं, असं तिनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

आधी तिनं सासूला सांगितलं. शालूबाई पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"डुकरासाठी करतोय दादा. समदीच करत्यात," ती म्हणाली.

"आत्या, पिशवीत घेऊन फिरत्यात. आपल्या वसरीत ठिवत्यात."

"सकाळी रानातनं गोळा केल्यालं आसत्यात. घरी निऊन ठिवतोय. तू कुठं बोलू नगंस. भावाचं नाव घ्यायचं आसतं व्हय?"

राजेश्वरी गप्प बसायला आली नव्हती. पुढच्या खेपेला आप्पासो आले, सोबत कासेगावचा पाव्हणा. जोतिबा आण्णा बाजेवर. टँगो आला आणि बसला. आप्पासो पाव्हण्याकडं बघून हसले. राजेश्वरी चहाचा कप त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "मामा, पिशवीत काय हाय?"

"म्हंजी?"

"ह्यो मान देत न्हाई. ह्येला बारूद घावली की ह्यो बसतोय. युनिटला फोन करून इचारलंय मी."

आप्पासोंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "वीरधवलच्या दिवसाला मी ह्या हातानं टोपी घातली, सूनबाई. त्याच हाताची तू पाव्हण्याफुडं झडती घेतीस?" आणि पिशवी उचलून ते गेले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

आमच्याकडं चहा न पिता पाव्हणा उठला तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. आप्पासोंनी येणं बंद केलं. दिवाळी आली. भाऊबीजेला शालूबाईनं ताट केलं, निरांजन लावलं आणि अंधार पडेपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. भाऊ आला नाही. मग तिनं चंद्राला ओवाळलं आणि ताट तसंच आत नेलं. जोतिबा आण्णांनी ते पाहिलं. पोरगं गेल्यावरही बायको एवढी खचलेली त्यांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मेव्हण्याकडं गेले आणि पागोटं काढून हातात घेतलं. आप्पासो मोठ्या मनाचे, त्यांनी माफ केलं. अट एकच घातली, "कुत्र्याला आवरा. चार मान्सात माझ्यापुढं येऊन बसाय नगं."

आता जोतिबा आण्णांना जनावरं शिकवता येत नव्हती असं कुणी म्हणू नये. पंचक्रोशीतले मारके खोंड त्यांच्याकडं यायचे आणि औताला सरळ चालायला लागूनच परत जायचे. त्यांचं साधन एकच, वेळूची काठी. खोंड डावीकडं ओढला की काठी, सरळ चालला की काठी खाली. तेच त्यांनी टँगोला लावलं. आप्पासो आले, टँगो बसायला वाकला की ढुंगणावर काठी. जिथं कंबरेची हाडं झिजलेली, तिथंच.

पहिल्यांदा टँगोला काही कळलंच नाही. तो उठला आणि आणखी नीट बसला. काम चुकलं असेल असं त्याला वाटलं असावं. मग दुसरी बसली.

राजेश्वरीनं काठी धरली. "आण्णा, तुमच्या पोराची शिकवण हाय ही. ती मोडताय तुमी."

"माझं पोरगं गेलं," आण्णा म्हणाले. "आता ह्या घरात भाऊ तरी येऊ दे हिचा." त्यांचे डोळे भरले होते आणि काठी वरच होती.

ते निर्दयी नव्हते, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं आणि सांगताना रागही येतो. मारून झाल्यावर ते टँगोच्या कंबरेला हळदतेल लावायचे. पण टँगो बांधावर कुठं बसला, खळ्यात बसला, आप्पासोंच्या रानाकडं तोंड करून बसला, तरी काठी. बसणं हेच त्यांनी वाईट ठरवून टाकलं.

आणि टँगो शिकला. हुशार कुत्रा, शिकायला त्याला वेळ लागला नाही. आप्पासो आले की तो जांभया द्यायचा, सारखा नाक चाटायचा, मान दुसरीकडं वळवायचा, शेपूट पोटाखाली. उभ्यानं थरथरायचा, पण बसायचा नाही. मग घरात मुतायला लागला. लोक म्हणाले, म्हातारा झाला. आप्पासो म्हणाले, सुधारला. शालूबाईनं भावाला चहा दिला, तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत पिला, आणि घरात पुन्हा गोडी झाली. राजेश्वरी तेवढी बोलेनाशी झाली. ती रोज सकाळी टँगोचे कान बघायची, बेचक्या बघायची, आणि चेंडू ट्रंकेतच ठेवायची. काम केल्यावर मार आणि न केल्यावर पगार, असं तिच्यानं होईना.

तोडणी सुरू झाली. फड कमी झाला की डुकरं उरलेल्या उसात दाटतात, मग बांधावर गोळेही जास्त पडतात. टाकले तेवढे सगळे सकाळी सापडतातच असं नाही. कोल्हा उचलतो आणि वास नकोसा वाटला की कुठंही टाकतो.

त्या सकाळी शालूबाई म्हशीला गवत कापत होती, आपल्याच बांधाच्या अलीकडं. जोतिबा आण्णा टँगोला घेऊन मागून चालले होते. राजेश्वरी घरी शेणी थापत होती. आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं कुणाच्या विहिरीला सुरुंग लावला. मग आण्णांची हाक ऐकू आली. ती बायकोच्या नावाची होती. आम्ही धावलो. जे बघितलं ते मी लिहीत नाही. गवतातल्या गोळ्यावर बसलेला विळा लांब उसात पडला होता आणि गवताचा भारा तसाच बांधलेला, एका अंगाला लाल झालेला. औंधला नेईपर्यंत ती जगली नाही.

आण्णांना खरचटलंसुद्धा नव्हतं. टँगोलाही नाही. दोघं शेजारी शेजारी बांधावर उभे होते.

त्या दिवसापासून आण्णा बोलेनात. अग्नी दिला तरी नाही. फक्त संध्याकाळी विझल्या चुलीपुढं राजेश्वरीला एवढं म्हणाले, "बसाय लागलं हुतं गं ते. वाकलं. म्या काठी उचलली, तशी उठून हुबं ऱ्हायलं." मग आण्णा म्हणाले, "म्या त्येला शाब्बास म्हणलो."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही निकमांच्या अंगणात बसलो होतो. फौजदार आले, सोबत एक शिपाई. आप्पासो खुर्चीवर होते. बहिणीसाठी त्यांचा ऊर खरोखर फाटला होता. ओठ फुटले होते, दाढी वाढली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. फौजदारांनी विचारलं, गोळे कुणाचे?

कुणी बोललं नाही. अंगणात पन्नास माणूस होतं, मीही होतो.

आप्पासो म्हणाले, "माळावर पालं टाकून ऱ्हात्यात ती लोकं. शिकारीसाठी टाकत्यात सायेब. आमी काय करणार?" ते हे बोलले तेव्हा दोघातिघांनी मानाही डोलावल्या. पालावरच्या माणसांना इथं कुठला मामा नसतो आणि मानही नसतो.

राजेश्वरी दारातून पुढं आली. "सायेब, आमच्या घरात मिलिटरीचं कुत्रं हाय. त्येला इचारा."

फौजदार तसे समजूतदार होते. "साताऱ्यावरनं बॉम्बचं पथक यायचंय अजून. बघू, आणा," म्हणाले.

टँगो आण्णांच्या बाजेखाली होता. राजेश्वरीनं त्याला पट्टा घालून बाहेर आणलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत लाल चेंडू होता, तो मी पाहिला. टँगो आप्पासोंपासून चार हातांवर आला आणि थांबला. नाक वर झालं. नाकपुड्या हलल्या. तो आणखी पुढं गेला, आप्पासोंच्या हाताशी, बाहीशी. राखेनं हात धुतले तरी बाही तीच होती. त्याचे कान पुढं आले. पाठ ताठ झाली. मागचे पाय वाकायला लागले.

राजेश्वरी पुटपुटली, "बस रं राजा. बस."

टँगोनं मान वळवली आणि बाजेवरच्या जोतिबा आण्णांकडं बघितलं. काठी भिंतीला टेकवलेली होती, बाजेजवळच. त्याचे पाय सरळ झाले. त्यानं नाक चाटलं, एक जांभई दिली, आणि शेपूट पोटाखाली घेऊन परत बाजेखाली गेला.

आप्पासोंनी श्वास सोडला. "बघा सायेब. आता तर मुकं जनावर बी सांगतंय." कुणीतरी म्हणालं, खरंय. मानाच्या वेळी जे गाव कुत्र्यावर विश्वास ठेवत होतं, तेच आताही ठेवत होतं. फौजदारांनी टोपी सारखी केली आणि शिपायाला वही मिटायला खुणावलं. राजेश्वरीची मूठ तशीच आवळलेली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा जोतिबा आण्णा बाजेवरून उठले. गुडघे धरून, सावकाश. काठी घेतली नाही. माणसांतून वाट काढत ते आप्पासोंच्या खुर्चीपुढं गेले. आम्हाला वाटलं मेव्हण्याच्या गळ्यात पडून रडणार. आप्पासोंनीही हात पुढं केले.

आण्णा खाली बसले. मातीत, आप्पासोंच्या पायांपुढं. पाठ ताठ केली. आणि काही न बोलता त्यांच्या हातांकडं बघत राहिले.

"आवं, काय करताय ह्ये? उठा," आप्पासो म्हणाले. आण्णा हलले नाहीत. आप्पासोंनी हात मागं घेतले, मग सदऱ्याच्या खिशात घातले, मग बाहेर काढले. त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना.

फौजदार दोघांकडं बघत होते. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

राजेश्वरीनं डोळे पुसले. तिचा आवाज आता साफ होता. "माझं मालक सांगायचं, काम केल्याबिगर पगार न्हाई. त्या कुत्र्याचं काम आण्णा करत्यात, सायेब. बसलं म्हंजी तिथं बारूद हाय."

शिपायानं वही पुन्हा उघडली. फौजदार आप्पासोंना म्हणाले, हात पुढं करा. आमच्यातलं कुणी मध्ये पडलं नाही आणि या खेपेला कुणी मान डोलावली नाही.

आण्णा तसेच बसून होते. म्हातारा माणूस, तीन दिवस अन्नाचा कण पोटात नाही, उठायला आधार लागेल म्हणून कुणीतरी भिंतीची काठी आणून त्यांच्यापुढं धरली. काठी हलली तसा बाजेखालचा टँगो सरकत पार भिंतीला जाऊन चिकटला. आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांनी काठीला हात लावला नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते उठलेही नाहीत.